मोबी, तुम्ही आमच्या आजींचा आवाज वाचवलात

प्रिय मोबी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अमेरिकेतले इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे एवढे मोठे संगीतकार, पण तुमच्या संगीताचा एक तुकडा आमच्या फिल्ममध्ये वापरायला तुम्ही परवानगी दिलीत, एक पैसा न घेता. ती फिल्म आता पूर्ण झाली. परवा श्रेयनामावलीत तुमचं नाव टाकताना मला रडू आवरेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते तुमच्या हाती पडेल न पडेल, पण मराठीत पदरमोड करून फिल्म करणाऱ्या कुणाच्या तरी नजरेला ते पडावं, असं फार वाटतं.

आमची फिल्म जात्यावरच्या ओव्यांवर आहे. मुळशी तालुक्यातल्या एका वाडीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. आता वाडीत गिरणीचं पीठ येतं, जात्याला टाकी लावणारा पाथरवट कित्येक वर्षांत फिरकलेला नाही, पण आजींनी जातं हलवू दिलेलं नाही. आम्ही कॅमेरा लावला तेव्हा त्यांनी आधी लुगड्याचा पदर खोचला, जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी टाकली, खुंटा धरला आणि दगडाची घरघर सुरू झाल्यावरच तोंड उघडलं. नुसतं गा म्हटलं तर त्यांना ओवी आठवत नाही. हात फिरला की आठवते. मध्येच दम लागतो, ओवी अर्ध्यावर थांबते, जातं मात्र फिरत राहतं. श्वास परत आला की तुटलेल्या शब्दापासून त्या पुन्हा उचलतात. लेकीची ओवी म्हणताना त्यांनी डाव्या हातानं पाळीभोवतीचं पीठ गोळा केलं आणि उंबऱ्यावर आलेल्या कोंबडीला हुसकलं, तरी सूर तसूभर हलला नाही.

हे सगळं फिल्ममध्ये आहे. ते तिथं राहिलं, याचं मोठं श्रेय तुमच्याकडे जातं.

कारण तुमच्याआधी आम्ही ज्यांच्या दारात गेलो त्यांनी काय सांगितलं, तेही तुम्हाला कळायला हवं. एका नावाजलेल्या संगीतकारांनी पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि म्हणाले, "आवाज चिरका आहे, थकलेला आहे. ओव्यांचे शब्द छान आहेत. आपण एखाद्या चांगल्या गायिकेकडून गाऊन घेऊ, म्हातारी नुसती दिसू दे." दुसऱ्यांना ओवीखाली ढोलकी आणि वर बासरी हवी होती, "गावाकडचा फील" यावा म्हणून. एका ध्वनिमुद्रण कंपनीनं त्यांच्या जुन्या तबकडीतला अर्धा मिनिट वापरण्यासाठी जी रक्कम सांगितली, तेवढ्यात आमची अख्खी फिल्म झाली असती. आणि आम्हाला सर्वांत जास्त लागलं ते एका कार्यालयातलं वाक्य. "तुमचं बॅनर कुठलं? नाही ना? मग कशाला आमचा वेळ घेता?" समोरच्या बाईनं फिल्म कशावर आहे हे विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तुमचं 'नॅचरल ब्लूज' हे गाणं लावलं. कॉलेजात असल्यापासून ऐकत आले होते, पण त्या रात्री ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्या गाण्यात जी बाई गाते ती व्हेरा हॉल. अलाबामातली. जन्म १९०२ चा, मृत्यू १९६४ मध्ये. पोटासाठी लोकांचे कपडे धुतले, लोकांच्या घरी स्वयंपाक केला. लोकगीतं गोळा करत दक्षिणेत हिंडणाऱ्या अॅलन लोमॅक्स यांनी तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं, म्हणून ते उरलं. तुम्ही ते गाणं घेतलंत. तुमच्याकडे सिंथेसायझर होता, पियानो होता, हवी ती गायिका मिळाली असती. तरी तुम्ही तिच्या आवाजातला खरखरीतपणा घासून काढला नाहीत. तिचा आवाज पुढे ठेवलात आणि खाली पियानोचे मोजके सूर, तंतुवाद्यांसारखी एक लांब ओढ, मग ठेका. तुमचं सगळं यंत्र तिच्या मागून चालतं. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे माणसाचा आवाज यंत्रात दळून काढणं, असं आमच्याकडे अजून कितीतरी जाणती माणसं म्हणतात. त्यांनी हे गाणं ऐकावं.

हे गाणं ज्यात आहे त्या तुमच्या 'प्ले' या अल्बमवर टीकाही झाली, आणि ती मला माहीत आहे. कृष्णवर्णीय गायक-गायिकांचे जुने आवाज घेऊन एका गोऱ्या माणसानं नाव आणि पैसा कमावला, असं म्हटलं गेलं. हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. उलट फिल्म करताना तो रोज माझ्यापुढे उभा होता, कारण मीही शहरातून जाऊन एका खेड्यातल्या बाईचा आवाज घेऊन आले होते. पण त्याच अल्बमच्या पुस्तिकेत तुम्ही लोमॅक्स पितापुत्रांचे आणि अशी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या सगळ्या संग्राहकांचे आभार मानलेत. ते वाचून मला आमच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां आठवले. पुण्यात राहून या दोघांनी गावोगावच्या बायकांसोबत काम करत १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीपुढे ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आमच्या फिल्मची पहिली पाटी आजींच्या नावाची आहे. दिग्दर्शकाचं नाव नंतर येतं. तुमच्यावर झालेली टीका वाचली नसती तर कदाचित हा क्रम आम्हाला सुचलाही नसता. त्यामुळे तो वादसुद्धा माझ्या उपयोगी पडला, असं मी प्रामाणिकपणे सांगते.

आणि 'नॅचरल ब्लूज'चा व्हिडिओ! डेव्हिड लाशॅपेल यांनी केलेला. तुम्ही तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती, पण रंगभूषा करून वृद्धाश्रमातला जराजर्जर म्हातारा झालात. खुर्चीत बसवलेला, कुणी लक्ष न देणारा. समोरच्या टीव्हीवर त्याला त्याचंच आयुष्य दिसतं, आणि शेवटी अभिनेत्री क्रिस्टिना रिची देवदूत होऊन त्याला न्यायला येते. व्हिडिओ म्हणजे नाचणारी तरुण शरीरं, असा तो काळ होता. त्या काळात तुम्ही कॅमेऱ्यासमोर एका म्हाताऱ्याचा चेहरा ठेवलात. २००० मध्ये एमटीव्हीच्या युरोपीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला. फिल्मचं संकलन करताना आजींच्या चेहऱ्यावरचा लांबलचक शॉट कापायचा की ठेवायचा, यावरून आमच्यात वाद झाला, तेव्हा मी सगळ्यांना हा व्हिडिओ दाखवला. शॉट राहिला.

तुमच्या बाकीच्या व्हिडिओंतही मला हेच दिसतं, दुर्लक्षित राहिलेल्यांकडे बघणं. 'इन धिस वर्ल्ड'मधले ते इवलेसे परग्रहवासी नमस्काराची पाटी धरून पृथ्वीवर उभे राहतात आणि पायाशी उभ्या असलेल्या त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. मी तो बघताना हसले होते आणि मग एकदम गप्प झाले होते. २०१६ चा स्टीव्ह कट्स यांनी काढलेला 'आर यू लॉस्ट इन द वर्ल्ड लाइक मी' तर मी माझ्या पुतण्यांना मुद्दाम दाखवला. जुन्या, १९३० च्या सुमाराच्या कार्टूनच्या ढंगातली चित्रं, आणि त्यात मोबाइलमध्ये मान घालून चालणारी सगळी दुनिया. एक छोटा मुलगा कुणीतरी वर बघावं म्हणून फिरत राहतो. पुतणे बघून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. धाकट्यानं फक्त विचारलं, "त्या मुलाशी कुणीच का बोलत नाही?"

आता मूळ गोष्टीवर येते.

'मोबीग्रॅटिस' ही तुमची व्यवस्था मला एका मित्रानं सांगितली. तेव्हा विद्यार्थी, स्वतंत्र फिल्मकार, ना नफा तत्त्वावर काम करणारे, यांना तुमचं संगीत मोफत मिळायचं. फिल्मनं पुढे कमाई केलीच तर परवान्याची रक्कम प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जायची. विश्वास बसला नाही. ज्या माणसाच्या एका अल्बमच्या १ कोटीच्या आसपास प्रती खपल्या, ज्याची गाणी जगभरच्या चित्रपटांनी आणि जाहिरातींनी पैसे मोजून घेतली, तो मुळशीतल्या वाडीसाठी फुकट कशाला देईल?

तरी अर्ज केला. आणि तिथं मला विचारलं गेलं, तुमची फिल्म कशाबद्दल आहे?

मोबी, तुम्हाला हा साधा प्रश्न वाटत असेल. तो पडद्यावर वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. तोवर आम्हाला बजेट विचारलं होतं, बॅनर विचारलं होतं, "आधी काय केलंय" विचारलं होतं, मागे कोण आहे ते विचारलं होतं. फिल्म कशाबद्दल आहे हे विचारणारे पहिले तुम्ही. मी लिहिलं, एक म्हातारी बाई जात्यावर गाते, तिच्याबद्दल. परवानगी आली. तुमच्या लेखी हा व्यवहार एवढाच, पण माझी मोडलेली उमेद त्या प्रश्नानं उभी केली. परवानगी मिळाली नसती तरी त्या प्रश्नाबद्दल मी तुमची ऋणी राहिले असते, हे मला ठासून सांगायचंय.

तो तुकडा आम्ही ओवीच्या खाली अजिबात वापरला नाही. ओवी एकटीच आहे, जात्याच्या आवाजासह, आजींच्या तुटलेल्या श्वासांसह. तुमचा पियानो येतो तो गाणं संपून आजी पीठ सुपात भरतात तेव्हा, आणि त्या उठून उभ्या राहायच्या आत विरतो. 'नॅचरल ब्लूज'मधून मी जे शिकले ते असं वापरलं. तुम्हाला ते पटेल असं वाटतं.

न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या एका संगीताच्या दुकानाच्या तळघरात, रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर तुम्ही 'प्ले'च्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम केला होता आणि जेमतेम ४० माणसं आली होती, हे मी वाचलंय. त्याच्या आधीच्या अल्बमला लोकांनी नाकारलं होतं. अशा दिवसांतून गेलेली पुष्कळ माणसं पुढे मोठी होतात आणि दार लावून घेतात. आमच्याकडे तशी नावं मला पटापट आठवतात. तुम्ही दार उघडं ठेवलंत, आणि पलीकडे कोण उभं आहे ते न विचारता उघडं ठेवलंत. गुणी माणसं खूप भेटली मला या धंद्यात. भली माणसं फार थोडी भेटली, आणि त्यातल्या एकाला मी कधी पाहिलंही नाही.

आजींना तुमच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या एका माणसानं आपल्या फिल्मला संगीत दिलं आणि पैसे घेतले नाहीत, म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला काय पाठवायचं मग? नाचणीचं पीठ चालंल का?" तुम्ही १९८७ पासून मांस, दूध, काहीच खात नाही, हे मला माहीत होतं. म्हटलं, आजी, नाचणी चालेल. त्यांनी पिशवी बांधून दिली आहे. पत्ता मिळाला की पाठवते.

आणि आणखी एक. आजींच्या ओव्यांची आमच्याकडची सगळी मूळ ध्वनिमुद्रणं, आजींची संमती घेऊन, जो कोणी फिल्मसाठी, अभ्यासासाठी, गाण्यासाठी मागेल त्याला आम्ही देणार आहोत. पैसे घेणार नाही. अट एकच, आजींचं नाव आधी यायला हवं. मागणाऱ्याला मीही पहिल्यांदा हेच विचारणार आहे, तुमचं काम कशाबद्दल आहे?

तुमची,
मुळशीतल्या ओव्यांवर फिल्म करणारी एक संकलक