मधमाशी म्हणण्याआधी मिशा बघा

संपादकसाहेब,
स. न.

तुमच्या पुरवणीत वाचकांचे फोटो येतात ते मी आवर्जून बघतो. मागच्या वेळी झेंडूवरच्या 'मधमाशी'चा फोटो होता, फोटो एक नंबर, पण ती मधमाशी नव्हतीच हो, हॉवरफ्लाय होती, म्हणजे मधमाशीसारखे पट्टे मिरवणारी साधी माशी. डोळे डोकंभर, मिशा (म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका) अगदी आखूड. हिला पंखांची एकच जोडी आणि मधमाशीला दोन, पण मधमाशी बसली की तिचा मागचा पंख पुढच्याखाली जातो आणि फोटोत मोजताना हमखास फसायला होतं, त्यापेक्षा मिशा बघाव्यात, मधमाशीच्या लांब असतात आणि कोपरातून वाकवल्यासारख्या.

दुसऱ्याला हसायचा मला हक्क नाही म्हणा. मी स्वतः एका काळ्या, निळ्या ठिपक्यांच्या मधमाशीचा फोटो प्राणी-कीटक ओळखायच्या ॲपवर टाकून बिनधास्त 'निळ्या पट्ट्यांची अमेगिला' (हा मधमाश्यांचाच एक गट) लिहून मोकळा झालो होतो, कारण ॲपने तेच नाव पहिलं दाखवलं. एका जाणकाराने विचारलं, पट्टे कुठायत, हे तर ठिपके आहेत, आणि मागच्या पायावर परागाचे केस दाखव. मागचा पाय पाकळीखाली! ती निघाली थायरियस, जी अमेगिलाच्याच घरट्यात गुपचूप अंडी घालते आणि स्वतः पराग गोळाच करत नाही, मग पायावर केस कुठून असणार.

तेव्हापासून मी आधी पराग कुठे ठेवलाय ते बघतो. आग्या, सातेरी, फुलोरी यांच्या मागच्या पायावर मधात भिजवलेली गोळी असते. पानं कापणारी मेगाकायली सुका पराग पोटाखालच्या केसांत नेते, पोटाला हळद लावल्यासारखी दिसते, पण हे सगळं माद्यांचं, नर काहीच नेत नाहीत त्यामुळे तिथे परत गोची. नराच्या मिशीला 13 पेरं, मादीच्या 12, फोटो तेवढा स्पष्ट असेल तर मोजा बापडे.

जगात मधमाश्यांच्या 20,000 च्या वर जाती आहेत, त्यातल्या कित्येक मायक्रोस्कोपशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे 'मेगाकायली गटातली' एवढंच लिहिलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ॲपवर तर दुसऱ्याने लिहिलेलं नाव बघून नुसतं 'सहमत' दाबणारे खूप, पूर्वी मीही त्यातलाच.

म्हणून एक विनंती आहे, फोटो मागवताना एकच 'भारी' फोटो मागू नका, वरून, बाजूने आणि समोरून असे तीन मागवा, बाजूच्यात मागचा पाय दिसू दे, वरच्यात पंखांच्या शिरा. पुढच्या पंखात शिरांनी पडलेल्या खिडक्यांवरून बरंच कळतं, मेगाकायलीला मधल्या दोन, आग्या-सातेरीला तीन. शिवाय तारीख, फूल आणि अंदाजे साइज, कारण फोटोत 4 मिलिमीटरची डंख नसलेली मधमाशी आणि दोन सेंटिमीटरचा भुंगा सारखेच दिसतात. आणि मधमाशी स्थिर बसावी म्हणून कुणी तिला फ्रीजमध्ये ठेवू नये प्लीज. अमेगिलाचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने चावून रांगेत झोपतात, पहाटे गेलात तर हलतसुद्धा नाहीत, काढा किती फोटो काढायचे ते.

त्या झेंडूवरच्या फोटोखालचं नाव मात्र पुढच्या अंकात तेवढं दुरुस्त करा.

आपला,
एक नियमित वाचक