पाकिटावर छापलेले पडद्यावर का दिसत नाही? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नवी मुंबईतल्या घणसोली, सानपाडा, नेरूळपर्यंत घरचा बाजार आता मोबाइलवर आला आहे. सकाळचे दूध-पाव, ऐन फोडणीच्या वेळी आठवलेली कोथिंबीर, महिन्याचा किराणा, सिलिंडरची नोंदणी, वीजबिल, कुकरची शिट्टी, सगळे त्यातच. याविरुद्ध आम्ही लिहीत नाही. दोघेही नोकरीला, घरात गुडघे धरलेली आजी आणि बाजारात गाडी लावायला जागा नाही, अशा घरांना ही सोय हवीच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की पाकिटावर जे छापणे कायद्याने सक्तीचे आहे ते पैसे भरण्याआधी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर यावे. ते येते की नाही हे पाहणारी वैधमापनशास्त्र यंत्रणा (वजन-मापे तपासणारी) आपल्याच खात्यात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

सुरुवात तारखेपासून करू. जांभळी नाक्यावर गिऱ्हाईक पाकीट उलटते, तारीख पाहते आणि पटले नाही तर मागचे पाकीट मागते. ॲपवर पाकिटाची फक्त दर्शनी बाजू दिसते, तीही कंपनीने झकास उजेडात काढलेली. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम 2011 मध्ये 2017 साली दुरुस्ती झाली आणि 1 जानेवारी 2018 पासून ऑनलाइन विक्रीतही उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी वगैरे तपशील पडद्यावर दाखवणे बंधनकारक झाले. मात्र नियम 6(10) मध्ये एक सूट आहे: उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना व वर्ष दाखवण्याची गरज नाही. या सुटीच्या आडोशाने 'अमुक तारखेपूर्वी वापरा' ही ओळही बहुतेक ठिकाणी गायब असते.

सूट देताना कारण होते. देशभरच्या गोदामांत एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या बॅचेस असतात आणि ॲपवरचे पान एकच असते, तेव्हा तारीख कोणती दाखवायची? भिवंडीच्या गोदामातून चार दिवसांनी येणाऱ्या मालापुरते हे कारण समजू शकते. दहा-पंधरा मिनिटांत माल पोहोचवणाऱ्या डार्क स्टोअरला, म्हणजे फक्त ॲपच्या ऑर्डरींसाठी चालणाऱ्या बंद गाळ्याला, ते लागू होत नाही. तिथला माल एका गाळ्यात, मोजक्या रॅकवर असतो, आणि आपली ऑर्डर त्याच गाळ्यातून निघणार हे ॲपला आधीच ठाऊक असते. शिवाय ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा, ही अन्नसुरक्षा नियमांची अपेक्षा आहे. तारखेची नोंद ठेवल्याशिवाय ती पाळताच येणार नाही. म्हणजे माहिती आत आहे, फक्त ग्राहकाला दाखवलेली नाही.

केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नोव्हेंबर 2024 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले, की घरी पोहोचताना मालाची किमान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. सहा महिने टिकणाऱ्या मसाल्याला 30 टक्क्यांच्या हिशेबाने 54 दिवस उरले पाहिजेत. पाच दिवसांच्या पावाला दीड दिवस. हिशेब सोपा आहे, पण तो ग्राहकाला करता येतो पाकीट हातात पडल्यावर, पैसे गेल्यावर. 2025 च्या जूनमध्ये अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा परवाना निलंबित केला. मुदत संपलेला माल चालू मालापासून नीट वेगळा ठेवलेला नव्हता, हे त्या तपासणीतल्या त्रुटींपैकी एक. ते खाते आपले नाही हे आम्हाला माहीत आहे. पण 6(10) ची सूट निदान डार्क स्टोअरपुरती काढावी, असे पत्र केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला आपण पाठवू शकता. ते पाठवावे, ही पहिली मागणी.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि इथे केंद्राकडे बोट दाखवायचे कारण नाही. अर्धा किलोच्या बंद पाकिटात कायद्याने जास्तीत जास्त 15 ग्रॅमची तूट चालते. 1 किलोच्या पाकिटातही 15 ग्रॅमच. कंपनीत यंत्राने भरलेल्या डाळ-साखरेत या मर्यादेची चिंता फारशी नसते. अडचण आहे ती डार्क स्टोअरमध्येच पिशवीत भरलेल्या भाजीची. मेथी, कोथिंबीर, पालक पहाटे ओले असताना तोलतात. संध्याकाळपर्यंत पाणी उडते आणि 100 ग्रॅमची जुडी काट्यावर 100 भरत नाही. टोमॅटो-कांद्यात वेगळा प्रकार होतो: 'अंदाजे 4 ते 6 नग' असे लिहिले की वजनाची जबाबदारी सैल होते. खरेदीदार समोर नसताना, आधीच ठरलेले वजन भरून बंद केलेली पिशवी ही वैधमापनशास्त्र अधिनियम 2009 च्या व्याख्येने आवेष्टित वस्तूच आहे. म्हणजे तिच्यावर निव्वळ वजन हवे आणि ते घरी पोहोचताना भरले पाहिजे. वाळून घटणार हे माहीत असेल तर भरतानाच थोडे वरचढ भरावे. वाशीच्या घाऊक बाजारातून माल उचलणारा साधा भाजीवालासुद्धा ही घट धरूनच भाव सांगतो.

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रा (सरकारी शिक्का) लागते, आणि गिऱ्हाईक ती पाहू शकते. डार्क स्टोअरमध्ये गिऱ्हाइकाला प्रवेशच नाही, मग काटा पाहणार कोण? आमची मागणी अशी: ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक डार्क स्टोअरच्या काट्यांचे चालू पडताळणी प्रमाणपत्र त्या स्टोअरच्या पत्त्यासह ॲपवर दिसावे. बिलावर स्टोअरचा पत्ता असतोच, त्याखाली एक दुवा द्यायचा आहे.

ग्राहकांसाठीही एक सूचना इथेच करतो. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर सरकारी मुद्रा नसते, त्यामुळे त्यावरचे वजन ग्राहक आयोगापुढे एकटे टिकत नाही. पण पिशवी न उघडता, लेबल दिसेल अशी काट्यावर ठेवून, पोहोचल्यावर लगेच काढलेला फोटो तक्रारीला आधार म्हणून पुरतो. दोन तासांनी, पिशवी सोडून काढलेल्या फोटोचा उपयोग नाही.

आता भाव. पूर्वी खाद्यतेल, डाळी, चहा, पीठ, साबण अशा वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच काढावी लागत. त्या वजनांची कायद्यातली यादी (अनुसूची) गेली आणि तिच्या बदल्यात पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापणे आले. सौदा वाईट नव्हता, पण त्याचा दुसरा अर्धा भाग पडद्यावर पोहोचला नाही. तेलाचेच पाहा. 1 लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. समजा 1 लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि शेजारी तशीच दिसणारी 800 ग्रॅमची 138 ला. बारा रुपये वाचले म्हणून दुसरी उचलली जाते. किलोचा भाव काढला तर पहिली सुमारे 165 रुपये पडते आणि 'स्वस्त' असलेली 172 रुपये 50 पैसे. एकीकडे लिटर, दुसरीकडे ग्रॅम, आणि मोबाइलच्या चित्रात दोन्ही पिशव्या एकाच उंचीच्या! काही ॲप प्रति-एकक भाव दाखवतात, पण एका वस्तूला 100 ग्रॅमचा, दुसरीला नगाचा. तेलाला सगळीकडे लिटरचा आणि धान्याला किलोचा भाव, विक्रीच्या किमतीइतक्याच ठळक अक्षरात, एवढे ठरवून दिले तरी पुष्कळ आहे.

बिलात शेवटी येणारे आकार हा आणखी एक ताप. समजा 140 रुपयांचे दूध-पाव-लोणी घेतले. शेवटच्या पानावर हाताळणीचे 9, छोट्या खरेदीचे 20, पोहोचवण्याचे 25. झाले 194, म्हणजे शंभरामागे अडतीस रुपयांहून जास्त. पाऊस पडत असेल तर त्याचाही आकार वेगळा. यावर बहुतेक ग्राहक 'एमआरपीपेक्षा जास्त घेतले' अशी तक्रार करतात आणि ती टिकत नाही, कारण वस्तू एमआरपीलाच विकलेली असते. वरचे पैसे सेवेचे दाखवलेले असतात. तक्रारीत नाव घ्यायचे ते 'ड्रिप प्रायसिंग'चे. केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या 13 फसव्या रचना सांगितल्या आहेत, त्यांत किंमत सुरुवातीला न सांगता शेवटी उघड करणे ही एक आहे. न मागता टोपलीत देणगी किंवा विमा टाकणे ही दुसरी, 'फक्त 2 शिल्लक' असा खोटा धाक ही तिसरी. आधीच खूण केलेली चौकट तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीच बंद केली आहे. शेवटच्या पानाचा आणि वस्तूच्या पानाचा, असे दोन स्क्रीनशॉट जोडले की तक्रार उभी राहते. एकट्या बिलावरून ती सिद्ध होत नाही, कारण आधी काय दाखवले होते ते बिलावर नसते.

तक्रार करायची कुठे, यावर थोडे थांबावे लागेल, कारण फसवणुकीचे एक मोठे दार इथे उघडते. याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे द्यायचा आहे, 48 तासांत पोच द्यायची आहे आणि महिन्याभरात निवारण करायचे आहे. प्रत्यक्षात तो संपर्क ॲपच्या पाचव्या-सहाव्या थरात, इंग्रजी अटींच्या तळाशी असतो. मग ग्राहक सर्च इंजिनवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो आणि भामट्यांनी पेरलेला नंबर लावतो. पलीकडचा माणूस परताव्यासाठी एपीके फाइल (मोबाइलवर परके ॲप बसवणारी) पाठवतो, स्क्रीन दाखवायला लावतो किंवा पिन टाकायला सांगतो. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य परताव्याच्या प्रत्येक पानावर मराठीत असायला हवे. पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक, आणि तेही लगेच: अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला तर, त्यात ग्राहकाची चूक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याच्यावर भार येत नाही. मात्र स्वतःच पिन दिला असेल तर हे संरक्षण ढिले पडते. म्हणूनच खरा नंबर सापडायला सोपा असणे हा सोयीचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 मराठीतही चालते आणि बऱ्याच परताव्यांचे काम तिथेच होते. तिच्याकडे सक्तीचा अधिकार नाही. तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा करू शकतो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. आता नवी मुंबईचा घोळ पाहा. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये, म्हणजे जिल्हा आयोग अलिबागला. बेलापूरहून एका स्टेशनावर राहणाऱ्या माणसाने दीड हजाराच्या मिक्सरसाठी अलिबाग गाठावे, हे होत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दावा दाखल होतो, पण कमी रकमेच्या दाव्यांची सुनावणी पहिल्या तारखेपासून व्हिडिओवरच व्हावी, यासाठी आयोगांना मनुष्यबळ आणि यंत्रसामग्री राज्याने द्यायची आहे.

जाता जाता पत्त्याचे. सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्येही आहे. ॲप नकाशावरच्या खुणेवर चालते, लेबलवर मजकूर वेगळा असतो, आणि पार्सल भलत्याच सेक्टर 10 मध्ये 'पोहोचले' होते. नोडचे (वाशी, नेरूळ अशा उपनगराचे) नाव आणि पिनकोड जुळत नसेल तर ऑर्डर पुढेच जाऊ नये, एवढी तपासणी ॲपला सहज करता येईल. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने ओटीपी सांगितला की कागदोपत्री माल 'मिळाला' ठरतो, म्हणून महागाच्या वस्तूचा ओटीपी खोके पाहिल्यावरच द्यावा. खोके उघडतानाचा व्हिडिओ मागण्याची पद्धत पडली आहे. कायद्यात ती अट नाही. कंपनीला व्हिडिओ हवाच असेल तर तसे खरेदीच्या पानावर लिहावे, तक्रार आल्यावर नव्हे. तोवर ग्राहकांनी लेबल, सहाही बाजू, टेप कापणे आणि अनुक्रमांक हे एकाच सलग चित्रीकरणात घ्यावे. तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो.

प्रेशर कुकरसारख्या वस्तूंना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्या चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक वाचता येईल असा फोटो विक्रीच्या पानावर असेल, तर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो अर्ध्या मिनिटात पडताळता येतो. आज तो मिळतो खोके फोडल्यावर.

शेवटी तपासणीविषयी. निरीक्षकांनी डार्क स्टोअरच्या गाळ्यावर सकाळी अकराला, ओळखपत्र दाखवून गेल्यास सगळे जागच्या जागी सापडेल. त्याऐवजी कासारवडवली आणि कोपरखैरणे इथल्या घरच्या पत्त्यांवर संध्याकाळी सात ते नऊ दरम्यान साध्या ग्राहक खात्यावरून ऑर्डर द्यावी. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. माल येताच मुद्रांकित काट्यावर न उघडता तोलावा, तारीख, वजन, एमआरपी आणि प्रति-एकक किंमत पडद्याशी ताडून पाहावी, आणि निष्कर्ष स्टोअरच्या पत्त्यासह विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावेत. 24 डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला भाषणांऐवजी ही यादी जाहीर झाली तर आम्हाला चालेल.

आपले,
ठाणे व नवी मुंबईत ग्राहक तक्रारींचे काम पाहणारे काही नागरिक