काका, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

तळमजल्यावरच्या काकांना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून मला उडवून लावाल, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

बाबा शेवटचे २३ दिवस वांद्र्याला, माउंट मेरीजवळच्या शांती आवेदना सदनात होते. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचे शेवटचे दिवस सुसह्य करणारी जागा. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. घरी बाबा रात्र रात्र कण्हत असायचे. तिथे ठरल्या वेळी मॉर्फिन हे वेदना शमवणारं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पेपर वाचून दाखवायला लावला, वर माझे उच्चारही सुधारले. बरे ते होणार नव्हतेच. पण माझे बाबा मला २० दिवस परत मिळाले.

म्हणून मुंबई मॅरेथॉन धावायची आणि त्या सदनासाठी पैसे जमवायचे, असं मी ठरवलं. धावण्याचं जमलं. लोकांपुढे हात पसरायचं काही जमेना. मोबाइलवर सगळ्यांना मेसेज पाठवला, तर अंगठे आले ढीगभर, पैसे चार जणांचे.

तुम्ही विचारलंत, "एकूण किती किलोमीटर?" म्हटलं, ४२.१९५. "हे १९५ मीटर कुठून आले?" मी सांगितलं, १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, ते अंतर पुढे कायम झालं. "म्हणजे अजून साहेबाच्या सोयीनेच धावताय!" असं म्हणत तुम्ही बँकेतली सवय काढलीत. लाल बांधणीची वही, ४२ ओळी, एका किलोमीटरला १,००१ रुपये. न झेपणाऱ्यांनी दोघा-तिघांत एक घ्यायचा. उरलेले १९५ मीटर स्वतःच्या नावावर टाकलेत आणि १९५ रुपये २० पैशांचा चेक फाडलात. पेन्शनरला तेवढंच परवडतं म्हणे!

मग गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही दोन्ही विंगचे जिने चढलात. लिफ्ट त्या महिन्यात बंदच होती. मी सोबत असायचे, पण बोलायचात तुम्ही. मॉर्फिन म्हणजे गर्द नव्हे, डॉक्टर मोजून देतात, त्यासाठी २०१४ साली कायदाही सोपा केलाय, हे माझ्याकडूनच शिकून तुम्ही माझ्यापेक्षा बरं समजावत होतात. बी विंगमध्ये एकाने विचारलं, "जो बरा होणारच नाही, त्याच्यावर पैसे कशाला घालवायचे?" माझे तर डोळेच भरले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खातं बंद करायला आलेल्या माणसालाही आम्ही बसायला खुर्ची द्यायचो." त्याने अर्धा किलोमीटर घेतला.

आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी. पैसे देऊन झाल्यावर दार लोटता लोटता त्यांनी विचारलं, "तिथे माझ्यासारखीला घेतात का रे?" त्यांच्या आजाराचं बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही चपला काढून आत गेलात, तासभर बसलात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला बोलावून घेतलंत. काका, माझ्या सगळ्या धावण्यापेक्षा तो तास मोठा होता.

शर्यतीच्या दिवशी डोंबिवलीहून पहाटेच्या जादा लोकलने सीएसएमटी गाठलं. सी लिंकवरून वांद्र्याच्या दिशेने जाताना बाबांची फार आठवण आली, तिथे थोडं रडून घेतलं. खरी परीक्षा पुढे, परतीच्या पेडर रोडच्या चढावर. पस्तिसेक किलोमीटर पायांत मुरल्यावर तो चढ येतो आणि आधीच्या सगळ्या शहाणपणाची वाट लावतो. तिथे मी तुमची वही तोंडपाठ म्हणत चालले. हो, चालले, धावले नाही. कुठला किलोमीटर कुणाचा, ए विंग, बी विंग, इस्त्रीवाला, दूधवाला. दर एका नावाला शंभर पावलं. शेवटचे १९५ मीटर मात्र पळाले. चेक वटला होता ना!

जमले ते ४१,७३७ रुपये २० पैसे पोचते केले. पावती तुमच्या वहीत चिकटवली आहे. २९व्या किलोमीटरपुढे लाल शाईत "येणे ५००" अजून तसंच आहे. मी म्हटलं, "सोडा हो काका." तर म्हणालात, "सोडतो कसला? घाम तुझा गेलाय."

रविवारी वही घेऊन खाली येते. वसुलीला दोघं जाऊ. लिफ्ट सुरू झाली आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची