कच्ची स्त्रीबीजं आणि लेखात न आलेला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्रीबीजं प्रयोगशाळेत पिकवण्याच्या तंत्रावरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. आम्ही केळीवाली माणसं. घड हिरवाच कापायचा आणि रायपनिंग चेंबरमध्ये पिकवायचा, हे सावद्यात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे मुद्दा लगेच समजला: बीज कच्चं असतानाच काढायचं आणि बाहेर एक-दोन दिवसांत पक्व करायचं. केळ्यांना याहून जास्त दिवस लागतात!

याला ‘अगदी नवं’ म्हटलंय ते मात्र पटलं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी मानवी स्त्रीबीजं शरीराबाहेर पक्व करून दाखवली ती 1965 मध्ये, पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या तेरा वर्षं आधी. अशा बीजांपासून मूल झाल्याचं कोरियन डॉक्टरांनी जाहीर केलं 1991 मध्ये.

माझ्या सुनेला पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशाचा विकार आहे. आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारासाठी, दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन घेतलं. बीजं काढल्यावर तिसऱ्या दिवशी पोट माठासारखं फुगलं, धाप लागली. पोटात पाणी झालं होतं. पाच दिवस दवाखान्यात काढले. पीसीओडी असलेल्या बायकांना या त्रासाची शक्यता जास्त असते, हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मला नातवाची घाई. कच्ची बीजं काढायची तर इंजेक्शनं दोन-तीन दिवसच, कधी मुळीच नाहीत, म्हणून हा धोका जवळजवळ उरत नाही. हे लेखात आलं, बरं झालं.

पण यशाचा आकडा कुठे आहे? व्हिएतनाममध्ये 546 स्त्रियांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या भ्रूणरोपणानंतर मूल झालं ते या पद्धतीत सुमारे 35 टक्के जणींना, नेहमीच्या आयव्हीएफमध्ये 43. फरक फार मोठा नाही. मी सून असते तर कदाचित 35 च निवडले असते. पण निवडायला दोन्ही आकडे समोर हवेत ना? इथे जमीन गहाण टाकून लोक उपचार करतात. उद्या याच लेखाची कात्रणं दवाखान्यांच्या भिंतीवर लागतील.

सूनबाईंनी लेख दोनदा वाचला आणि विचारलं, “आई, हे आपल्या जळगावात होतं का?” याचं उत्तर आपण चौकशी करून छापावं.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सावदा, ता. रावेर