चाक ओरडतंय

भोसरी, गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज सुट्टी, शेड बंद आहे. ऑफिसात एकटीच बसून लिहितेय. बाबा, फोनवर तुम्ही "काम कसं चाललंय?" विचारता आणि मी "छान" म्हणून विषय बदलते. गेल्या महिन्यात छान नव्हतं. आता निस्तरलंय, म्हणून सांगते.

चाकणच्या एका प्लॅस्टिकवाल्याला आपण ग्रॅन्युलेटरच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा दाणा करणाऱ्या मशीनच्या, ब्लेडचे दोन सेट दिले. डी-टू हे हत्यारांचं स्टील, हार्डनेस म्हणजे कडकपणा रॉकवेल मापावर ५८ ते ६०, नेहमीचंच काम. आठवड्याभरात त्यांचा फोन आला, धारेचे तुकडे पडतायत. मी ब्लेड परत आणली आणि ती भट्टीत तापवून कडक करून देणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्या काकांना तडक फोन लावला. मी नको तेवढं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि भट्टीचा चार्ट पाठवला. १०२० डिग्रीला हार्डनिंग, दोनदा टेंपरिंग, सगळं जिथल्या तिथे. रॉकवेलवर मी स्वतः तपासलं, ५९ आलं. तरी मन मानेना.

मग डाय पेनिट्रंट मागवलं, न दिसणारे तडे दाखवणारा रंग. ब्लेड साफ करून त्यावर लाल रंग मारला, पंधरा मिनिटं थांबले, पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. जरा वेळाने त्या पांढऱ्यावर एकेक लाल रेघ उमटायला लागली. केसासारखी बारीक, आणि सगळ्या रेघा ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या. बाबा, पुढचं तुम्हाला सांगायला नको. भट्टीत काही बिघडलं नव्हतं. आपल्याच सरफेस ग्राइंडरवर घासताना ब्लेड जास्त तापून जळलं होतं, त्याचेच हे तडे.

डिलिव्हरीची घाई मीच केली होती. ग्राइंडरवर नवा मुलगा. घासायचं चाक ग्लेझ, म्हणजे गुळगुळीत झालेलं, डायमंड मारून त्याचं ड्रेसिंग न करताच तो एका पासला, म्हणजे एका फेरीला, ४० मायक्रॉन काढत होता, आणि कूलंटचा पाइप बाजूला सरकलेला. त्याला मी रागावले नाही. त्याला हे सांगितलं कोणी होतं? तुम्ही असताना चहाचा कप तसाच ठेवून उठायचात, "चाक ओरडतंय" म्हणायचात आणि जाऊन मशीन थांबवायचात. मी इथे बसून तेवीसदा ते पाहिलं असेल, पण तो आवाज नेमका कसा असतो हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली. दोन्ही सेट आपण नवीन करून दिले, पैसे न घेता. आता फिनिशिंगला दहा मायक्रॉनच्या वर पास घ्यायचा नाही, आणि चाकाला डायमंड मारल्याशिवाय नवं ब्लेड मशीनच्या चुंबकावर ठेवायचं नाही. त्या मुलाला मी आठवडाभर मशीनशेजारी उभं राहून आवाज ऐकायला लावला. परवा त्याने स्वतःहून मशीन थांबवलं. मला फार बरं वाटलं.

आता प्रत्येक ब्लेडवर नंबर कोरतो. कुठल्या बारमधून कापलं, कोणी घासलं, हार्डनेस किती, किती वेळा धारेला परत आलं, सगळं रजिस्टरला लिहितो. धार लावायचं काम वाढवायचं आहे. गिऱ्हाईक ब्लेड पार बोथट होईपर्यंत चालवतं. मग दाण्याऐवजी भुकटी पडते, मोटर जास्त करंट ओढते, आणि शेवटी धार आणायला स्टीलही जास्त काढावं लागतं. वेळेवर पाठवलं तर तोच सेट कितीतरी जास्त दिवस चालतो. आणि सगळा सेट एकत्रच यायला हवा. एकच ब्लेड घासलं तर रुंदी बदलते, मग फिरत्या आणि स्थिर ब्लेडमधली फट सगळीकडे सारखी राहत नाही. हे मी गिऱ्हाइकाला त्याच्या मशीनसमोर उभी राहून समजावते. काही जण ऐकतात.

आई, तुझ्या वसुलीच्या वहीची आठवण रोज येते. बाबांना एकेका बिलासाठी दुपार दुपार लोकांच्या दारात बसावं लागायचं. आता उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत आपल्यासारख्या छोट्या कारखानदाराचे पैसे द्यावे लागतात. आता आयकराच्या नियमाने मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर त्या वर्षी त्यांना तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्चमध्ये फोन न करता तीन चेक आले. तरी एक जुना माणूस अजून दमवतोच आहे. त्याला मी उधारी बंद केली. बाबा, त्याचा तुम्हाला फोन येईल. कृपा करून "हो" म्हणू नका.

आणि एक काम आहे. तुमची ती खिशातली निळी डायरी, ज्यात छापखानेवाल्यांच्या कागद कापायच्या मशीनच्या ब्लेडचे अँगल लिहिलेत, ती तुमच्याकडे भोरलाच राहिली आहे. अप्पा बळवंत चौकातल्या एका गिऱ्हाइकाला तुम्ही २४ डिग्री देत होतात की कमी, हे इथे कोणालाच ठाऊक नाही. पोस्टाने पाठवू नका, हरवेल. खंडेनवमीला दोघं याल तेव्हा आणा. झेंडू मी आणून ठेवते. पूजा ग्राइंडरचीच करू, आणि नंतर तुम्ही त्या मुलाशेजारी थोडा वेळ बसा. खुर्ची ठेवते.

तुमचीच,
मनू