सूचना : पन्नाशीपुढील सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणाबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पुढील मासिक बैठकीस येताना आपल्या आस्थापनेतील पन्नाशी ओलांडलेल्या किती कर्मचाऱ्यांना गेल्या दोन वर्षांत नवे प्रशिक्षण मिळाले, याची नोंद प्रत्येकाने सोबत आणावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक साठ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल. तरीही प्रशिक्षणाची यादी करताना ‘आता यांची किती वर्षे उरली’ असे म्हणून ज्येष्ठांची नावे गाळली जातात आणि पुढे त्यांची उमेद खचली की दोष वयाला दिला जातो, हे आम्हांस मनापासून खटकते. यंत्राचा आवाज किंचित बदलताच बेअरिंग झिजल्याचे ओळखणारा कारागीर नव्या संगणकापुढे अडखळतो, तेव्हा पडद्यावरची अक्षरे मोठी करून आणि सरावाला चार दिवस जास्त देऊन पुष्कळदा काम भागते. जोडीला तरुण सहकारी दिल्यास दोघेही शिकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८० च्या १६२ क्रमांकाच्या शिफारशीतही ज्येष्ठ कामगारांना प्रशिक्षणात समान संधी देण्याचा आग्रह आहे. नोंदीत कोणाचेही नाव नसावे. संख्या आणि प्रशिक्षणाचा विषय एवढे पुरेसे आहे.