त्या लोकांचा रेडिओ घरात कशाला?

लाइपझिग, जर्मनी

ती. आई आणि बाबांना
शि. सा. नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "त्या हिटलरच्या लोकांचा रेडिओ घरात कशाला आणलास?" मी काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. बाबांना तर मी काय म्हणतेय तेच ऐकू येत नव्हतं, कारण कानाचं मशीन नेहमीप्रमाणे कपाटात. म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा, मधला विजेचा भाग तुमच्यासाठी आहे. आईने तो गाळायला हरकत नाही, पण शॉकची काळजी तीच करते, तेव्हा तिनेही वाचलेला बरा.

रेडिओ आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा. वय नव्वदीकडे झुकलेलं. त्या मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा घर आवरताना तळघरातून तो निघाला. "तुला दुरुस्तीचा नाद आहे ना, घेऊन जा," म्हणाल्या. त्यांच्या आईचा होता. काळ्या बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा डबा, वर कापड लावलेलं गोल तोंड, खाली तबकडी. तबकडीवर स्टेशनांची नावं नाहीत, नुसते आकडे.

त्याचं नाव 'डॉइचर क्लाइनएम्फेंगर', म्हणजे छोटा जर्मन रेडिओ. १९३८ साली आला, किंमत ३५ मार्क. त्याआधी १९३३ मध्ये 'फोल्क्सएम्फेंगर', लोकांचा रेडिओ, निघाला होता ७६ मार्कांना. त्याच्या मॉडेलचा नंबर ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला सत्तेवर आला. नंबरातसुद्धा प्रचार! हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याचा हिशेब सरळ होता: घरोघरी रेडिओ पोचला की आपण घरोघरी पोचलो. लोक या छोट्या रेडिओला मागून 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे. पुढून म्हणायची सोय नव्हती. वर महिन्याला दोन मार्क फी. बाबा, आपल्याकडे पोस्टात रेडिओचा परवाना काढावा लागायचा ना, तसंच.

तर आई, तुझं म्हणणं बरोबरच आहे. हा रेडिओ त्या लोकांनी, त्याच कामासाठी बनवला. पण तो ज्या घरात होता, तिथे वेगळंच चालायचं.

१ सप्टेंबर १९३९, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशीची तारीख असलेला एक हुकूम आहे: परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा. शिक्षा सक्तमजुरी, आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर प्रसंगी मृत्युदंड. रेडिओच्या बटणाला अडकवायला एक छोटं कार्ड मिळायचं, 'लक्षात ठेव, परदेशी स्टेशन ऐकणं हा देशाच्या सुरक्षेविरुद्ध गुन्हा आहे' अशा अर्थाचं. स्टेशन लावायला हात पुढे केला की आधी बोटाला ते कार्ड लागणार. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला माणसाचं मन चांगलं कळत होतं. दुर्दैवाने.

आजींची आई रात्री डोक्यावरून गोधडी घेऊन, रेडिओला कान लावून लंडन ऐकायची. बीबीसीची जर्मन सेवा १९३८ पासून चालू होती. युद्धात तिची खूण म्हणजे ढोलावरचे चार ठोके, तीन आखूड आणि एक लांब. तारेच्या मॉर्स लिपीत तो 'व्ही', आणि बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवातही तशीच. ढोलाचा आवाज भिंतीतून पलीकडे जातो, म्हणून ते वाजेपर्यंत आवाज बारीक ठेवायचा आणि बातम्या सुरू झाल्या की जरासा वाढवायचा. थॉमस मान या लेखकाची अमेरिकेतून पाठवलेली भाषणंही त्यावर लागायची. आजी तेव्हा अगदी लहान. आईला सर्दी झाली की ती गोधडीत बसून वाफ घेते, असं त्यांना सांगितलेलं. ती वाफ वर्षभर चालायची.

या रेडिओवर परदेशी स्टेशन लागूच नये अशी त्याची रचना होती, असं इथे पुष्कळ लोक सांगतात. ते पूर्ण खरं नाही. तो स्वस्तातला आणि कमजोर होता एवढंच. लाँगवेव्ह आणि मिडियमवेव्ह त्याच्यात आहेत, आणि रात्री मिडियमवेव्ह किती लांब जाते हे बाबांना सांगायला नको. चांगली लांब एरियल आणि हातात कसब हवं. कसब अशासाठी की आवाज वाढवायला व्हॉल्व्हमधून, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीतून, बाहेर आलेला सिग्नल थोडा परत आत फिरवायचा, असं हे सर्किट आहे. थोडा फिरवला तर कमजोर स्टेशन उठून येतं. जास्त झाला की रेडिओ स्वतःच शीळ घालायला लागतो, आणि ती शीळ एरियलवरून शेजाऱ्याच्या रेडिओतही उमटू शकते. ज्या घरी लंडन लागतंय त्या घराने असली शीळ घालणं परवडणारं नव्हतं.

आता बाबांचा भाग. आत दोनच व्हॉल्व्ह. व्हीवाय२ हा रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारा. बाकी सगळं काम व्हीसीएल११ एकटा करतो, कारण एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह बसवलेत. तो आता सगळ्यात महागाचा भाग आहे, रेडिओ एक वेळ स्वस्त मिळतो. मेनचा ट्रान्सफॉर्मर नाहीच. दोघांचे फिलामेंट सिरीजमध्ये, ९० आणि ३० व्होल्ट, करंट ५० मिलिअँपिअर. उरलेले व्होल्ट रेझिस्टन्समध्ये जिरवायचे. तेव्हा २२० धरले होते, आता इथे २३० येतात, म्हणून २०० ओहमचा एक रेझिस्टन्स मी वाढवला. हिशेब तपासून सांगा.

ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल: आतली निगेटिव्ह लाइन थेट मेनवर. त्यात इथला प्लग उलटाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या बाजूला येईल ते नशिबावर. बटणाचा स्क्रू उघडा राहिला तर बोटाला २३० व्होल्ट. आई, घाबरू नकोस. मी आधी रेडिओला मेनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला, मगच पेचकस हातात घेतला. आणि बाबांच्या पद्धतीने सिरीज बोर्ड केला, बल्बसकट. आमच्या भागात महिन्यातून एकदा लोक मोडक्या वस्तू दुरुस्त करायला जमतात, तिथल्या म्हाताऱ्या काकांना त्या बोर्डाचं फार कौतुक वाटलं. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद, शॉर्ट असेल तर लख्ख. त्यांच्याकडे याला महागडं मीटर लागतं, म्हणाले.

कंडेन्सर कागदाचे. कागद आणि धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी, वरून डांबर. ऐंशी वर्षांत कागदाने ओल धरली आणि जवळजवळ सगळे गळायला लागले. त्यातला एक फार वाईट: पहिल्या टप्प्यातून दुसऱ्याच्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे, जाणारा. त्याने डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडायचा असतो. तोच गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह चढतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि तो महागाचा व्हीसीएल११ संपतो. म्हणून तो आणि फिल्टरचे कंडेन्सर बदलल्याशिवाय मेन लावलाच नाही. कंडेन्सरच्या जुन्या बाहेरच्या नळ्या फेकल्या नाहीत. गरम करून आतली गुंडाळी काढली, त्यात आजचा शेंगदाण्याएवढा कंडेन्सर बसवला आणि तोंड परत डांबराने बंद केलं. बाहेरून १९३८, आतून आजचं. ही लबाडी आहे का? त्या काकांच्या मते आहे. माझ्या मते नाही.

स्पीकरचा कागदी कोन दोन ठिकाणी फाटला होता. पतंगासारखा पातळ कागद आणि पाणी घातलेला डिंक, एवढ्यावर भागलं. बेकलाइटला पॉलिश केलं, पण एका जागी मुद्दाम हात लावला नाही.

पुढच्या बाजूला गरुड आणि स्वस्तिकाचा ठसा असायचा. या रेडिओवर गरुड आहे, त्याच्या पायाखालचं कानशीने घासून टाकलेलं आहे, ओबडधोबड, घाईने. युद्ध संपल्यावर पुष्कळ घरांत हे झालं. आजींच्या घरी ते कोणी केलं, त्यांना आठवत नाही. जाणकार म्हणतात की असा ओरखडा असला की किंमत उतरते, तो भरून काढता येतो. मी भरणार नाही. ती रेडिओवर झालेली सगळ्यात चांगली दुरुस्ती आहे असं मला वाटतं.

आणि लागलं काय, तर बाबा, गंमत ऐका. जर्मनीच्या सार्वजनिक रेडिओने २०१५ संपेपर्यंत आपली मिडियमवेव्ह बंद करून टाकली. त्यामुळे दिवसा नुसती खरखर. रात्री मात्र हंगेरी लागतं, स्पेन लागतं, लाँगवेव्हवर पोलंड लागतं. आणि खिडकीतून बाहेर काढलेली एरियल नीट ताणली तर इंग्लंडही, फुटबॉलची कॉमेंट्री. ज्या रेडिओवर परदेश ऐकणं गुन्हा होता त्यावर आता परदेशच ऐकू येतो, जर्मन शब्द एक नाही. आजींना फोनवर ऐकवलं. म्हणाल्या, "आवाज कमी कर, रात्र झालीय." चेष्टेत म्हणाल्या की खरंच, ते कळलं नाही.

तुम्ही विचारलंत, नेताजी यावर ऐकू आले असते का. नाही. आझाद हिंद रेडिओ बर्लिनमधून चालायचा खरा, आपले मराठी गणपुले वगैरे मंडळी तेव्हा नेताजींबरोबर तिथेच होती. सिंगापूर पडल्यावर १९ फेब्रुवारी १९४२ ला नेताजी त्यावर पहिल्यांदा बोलले. पण ते प्रक्षेपण हिंदुस्थानसाठी शॉर्टवेव्हवर जायचं, आणि या डब्याला शॉर्टवेव्ह नाही. साताऱ्यात एखाद्याला ऐकू आलं असेल, या घराला मात्र नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. आई सांगत होती, हे सगळं ऐकून तुम्हाला माळ्यावरचा आजोबांचा रेडिओ आठवलाय आणि तो खाली काढून लावून बघायचा बेत आहे. बाबा, लावू नका. त्यातही कागदाचेच कंडेन्सर आहेत आणि तो वीस-पंचवीस वर्षं बंद आहे. स्टुलावर तर मुळीच चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. खाली काढला की मागचं झाकण उघडून फोटो पाठवा, कंडेन्सरवरचे आकडे दिसतील असे. मी डिसेंबरात येताना घेऊन येते. सिरीज बोर्ड तेवढा शोधून ठेवा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणवून घे, पुरवून पुरवून लावू नकोस.

तुमची
अनघा